अलीभाई मुल्ला जीवनजी: कराचीचा व्यापारी, नैरोबीचा पुढारी (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

हे जीवनजी नेमके कोण?

ब्रिटिश पूर्व आफ्रिकेत, म्हणजे आजच्या केनियात, वसाहतीच्या कायदेमंडळात बसलेले पहिले बिगर-गोरे सदस्य. जन्म 1856, कराची. जात-जमात दाऊदी बोहरा. धंदा विचाराल तर हमाल-मजुरांच्या पुरवठ्यापासून बाजारपेठा बांधण्यापर्यंत आणि वर्तमानपत्र काढण्यापासून आगबोटी चालवण्यापर्यंत सगळं. मृत्यू मे 1936, नैरोबी.

आपल्याकडे परदेशातल्या भारतीयांचा विषय निघाला की गाडी दक्षिण आफ्रिकेवर आणि गांधीजींवर जाऊन थांबते. जीवनजींचं नाव कुणी घेत नाही. एका अर्थी ते साहजिकच आहे, कारण या माणसाला नायकाच्या चौकटीत बसवणं सोपं नाही. इंग्रजी साम्राज्याची कंत्राटं घेऊन ते गब्बर झाले आणि त्याच साम्राज्याच्या अधिकाऱ्यांशी हक्कांसाठी आयुष्यभर भांडले. ही दोन्ही कामं त्यांनी मनापासून केली.

घरची श्रीमंती होती का?

नाही. वडील मुल्ला जीवनजी साधे व्यापारी. शाळेचं शिक्षण बेताचंच. तरुणपणी हिंदुस्थानात फिरून फेरीवाल्यासारखा माल विकला, मग 1886च्या सुमारास थेट ऑस्ट्रेलियात ॲडलेड गाठलं आणि तिथे पूर्वेकडच्या वस्तूंचा व्यापार केला. त्या पिढीतले कच्छी, काठियावाडी आणि सिंधी व्यापारी समुद्र ओलांडायला कचरत नसत, पण ॲडलेड म्हणजे जरा जास्तच लांबची मजल.

मग मोंबासाच का?

1890च्या सुमारास ते मोंबासाला आले तेव्हा तिथे इम्पीरियल ब्रिटिश ईस्ट आफ्रिका कंपनीचा कारभार होता. कंपनीला माणसं हवी होती, माल हवा होता आणि ते दोन्ही आणून देणारा भरवशाचा मध्यस्थ हवा होता. जीवनजींनी कराचीच्या पेढीची शाखा मोंबासात उघडली.

पूर्व आफ्रिकेचा किनारा तेव्हा आपल्या लोकांना परका वाटत नसे, हे लक्षात घ्यायला हवं. झांझिबार आणि मोंबासात गुजराती व्यापारी पिढ्यान्‌पिढ्या होते. संरक्षित प्रदेशात चलन रुपयाचं होतं. हिंदुस्थानचे कायदे तिथे लागू होते आणि सुरुवातीच्या काळात त्या किनाऱ्यावरच्या कोर्टांची अपिलं मुंबई हायकोर्टात येत. रुपया तर 1920 पर्यंत टिकला. म्हणजे कराचीहून मोंबासाला गेलेल्या माणसाला नाणं तेच, दंडविधान तेच आणि साहेबही तोच. तिथे स्वतःला उपरा समजायला जीवनजी अखेरपर्यंत तयार नव्हते, याचं मूळ मला इथे दिसतं.

युगांडा रेल्वे त्यांनी बांधली, असं वाचलं होतं. खरं आहे का?

अर्धं खरं. रेल्वे बांधली ब्रिटिश सरकारने. काम 1896 मध्ये मोंबासातून सुरू झालं, 1899च्या मेअखेरीस रूळ नैरोबीच्या दलदलीत पोचले आणि 1901च्या डिसेंबरात व्हिक्टोरिया सरोवराच्या काठी, आजच्या किसुमूजवळ, लोहमार्ग पूर्ण झाला. नऊशे किलोमीटरहून लांब अशा या मार्गासाठी हिंदुस्थानातून सुमारे 32,000 करारबद्ध मजूर नेले गेले. त्यांत बहुतेक पंजाबचे. अडीच हजारांच्या आसपास माणसं मेली. त्सावोच्या नरभक्षक सिंहांची गोष्ट जगभर झाली, पण सिंहांनी खाल्लेले त्यातले मूठभरच. बाकीचे ताप, हगवण आणि अपघातांनी गेले आणि त्यांची गोष्ट कुणी सांगितली नाही. करार संपल्यावर साडेसहा हजारांहून अधिक लोक तिथेच राहिले.

या कामात जीवनजी कंत्राटदार होते. मजूर आणणं, त्यांच्या शिध्याची व्यवस्था, खडक फोडणं, स्टेशनं आणि इमारती बांधणं अशी कंत्राटं त्यांच्या पेढीकडे होती. डाळ, तांदूळ, पीठ आणि तूप समुद्रापलीकडून आणायचं आणि रूळ सरकतील तसं पुढच्या छावणीवर पोचवायचं. छावणी दर काही आठवड्यांनी हलणार. पाणी नाही, बैलांना त्सेत्से माशी चावली की बैल गेले. या धंद्यात पैसा प्रचंड होता, आणि तो मजुरांच्या घामावर उभा होता हे वेगळं सांगायला नको. त्यांचे चाहते हा भाग जरा घाईने उरकतात.

नैरोबीचा अर्धा भाग त्यांच्या मालकीचा होता म्हणतात, त्यात किती तथ्य?

असा दावा त्यांच्या घरच्यांकडूनही केला जातो. नेमका हिस्सा किती, या वादात पडण्यापेक्षा तेव्हाचं नैरोबी डोळ्यांपुढे आणा. रेल्वेचं कोठार, पत्र्याच्या शेड, तंबू, चिखल आणि एक बाजार. बांधकामाची माणसं, सामान आणि भांडवल ज्याच्या हाती तयार होतं असा माणूस त्या गावात एखाददुसराच. जीवनजींनी सरकारी कचेऱ्यांसाठी इमारती बांधून भाड्याने दिल्या, घरं बांधली आणि 1904च्या सुमारास नगराची मंडई उभी केली. ‘जीवनजी मार्केट’ हे तिचं नाव.

बाजाराची दुसरी बाजूही सांगायला हवी. 1902 मध्ये नैरोबीत प्लेग आला. त्याचं निदान करणारे डॉक्टर गोव्याचे होते, रोझेंडो रिबेरो. रुग्ण तपासायला ते चक्क झेब्र्यावर बसून जात. झेब्र्यावरच्या रिबेरोंचा फोटो आजही नैरोबीच्या जुन्या छायाचित्रांत हमखास दिसतो. पुढे तो झेब्रा मुंबईच्या प्राणिसंग्रहालयाला विकला, असं सांगतात. तर डॉक्टरांनी प्लेगची वर्दी दिली आणि अधिकाऱ्यांनी उपाय काय केला? भारतीय बाजार जाळून टाकला. दुकानं, माल, राहती घरं, सगळं.

त्यानंतर ‘भारतीय म्हणजे घाण, घाण म्हणजे रोग’ हे समीकरण गोऱ्यांच्या तोंडी कायमचं बसलं. 1913 साली प्राध्यापक सिम्प्सन यांनी आरोग्याचा अहवाल दिला, त्यातही शहरात वंशनिहाय वेगळ्या वस्त्या करा असंच सुचवलं होतं. बाजारात गटारं नव्हती, कारण नगर समिती तिथे खर्च करत नव्हती. कर मात्र बाजारातून गोळा होत होता. गावपातळीवरचं राजकारण सुरू झालं ते इथून. गटार, दिवाबत्ती, प्लॉट आणि परवाना हे त्याचे विषय. स्वराज्य वगैरे शब्द फार पुढचे.

वर्तमानपत्र काढलं ते कोणतं?

‘आफ्रिकन स्टँडर्ड’, मोंबासातून, 1902च्या सुमारास. साप्ताहिक होतं आणि संपादक इंग्रज होता. 1905 मध्ये ते त्यांनी विकून टाकलं. नव्या मालकांनी नाव बदलून ‘ईस्ट आफ्रिकन स्टँडर्ड’ केलं, 1910 मध्ये बिऱ्हाड नैरोबीला हलवलं आणि बघता बघता ते गोऱ्या जमीनदारांचं मुखपत्र झालं. ज्या माणसाने ते काढलं त्याच्याच समाजावर पुढची कित्येक वर्षं त्यातून तोंडसुख घेतलं जात होतं. केनियातला आजचा ‘द स्टँडर्ड’ तो हाच. विकलं नसतं तर काय झालं असतं, याचा विचार जीवनजींनी नक्कीच केला असेल.

धंदा सोडून राजकारणात का शिरले?

धंदा कधीच सोडला नाही. पण जमिनीच्या प्रश्नाने त्यांना ओढलं. नैरोबीच्या भोवतालचा उंच, थंड हवेचा, सुपीक पट्टा गोऱ्यांसाठी राखून ठेवायचा, असा आग्रह लॉर्ड डेलामेर यांच्यासारख्या बड्या वसाहतवाल्यांनी धरला. वसाहतमंत्री लॉर्ड एल्गिन यांनी 1906 मध्ये आणि पुन्हा 1908 मध्ये तो मान्य केला. त्यांची शब्दयोजना मोठी सफाईदार होती. भारतीयांना कायद्याने बंदी नाही, पण ‘प्रशासनाच्या सोयीसाठी’ त्या भागात त्यांना जमीन देऊ नये. 1915च्या जमीन कायद्याने मग गव्हर्नरला दोन वंशांतले जमिनीचे व्यवहार अडवण्याचा अधिकारच दिला आणि गोऱ्यांना 999 वर्षांचे पट्टे. हेच ते ‘व्हाईट हायलँड्स’.

रेल्वे आम्ही घातली, बाजार आम्ही बसवला, रुपया आमचा, आणि जमीन घ्यायची वेळ आली की आम्ही परके? जीवनजींच्या सगळ्या राजकारणाचा गाभा एवढाच होता. मोंबासाची इंडियन असोसिएशन 1900 साली निघाली होती. एल. एम. सावळे, अलिदिना विश्राम आणि जीवनजी हे तिचे कर्ते. हायलँड्सच्या वादानंतर अर्ज-विनंत्यांच्या त्या कामाला धार आली.

कायदेमंडळात ते निवडून आले होते का?

नाही, नेमले गेले. काही ठिकाणी ‘निवडून आले’ असं लिहिलेलं आढळतं, ते चूक आहे. त्या वेळी निवडणूक कुणालाच नव्हती. कायदेमंडळ 1907 मध्ये पहिल्यांदा भरलं तेव्हा सगळे सभासद गोरे होते. 1910च्या सुमारास जीवनजींची नेमणूक झाली. सरकारी सभासदांचं बहुमत ठरलेलंच. एकट्या भारतीयाने तिथे बोलून ठराव फिरेल, अशी सोयच नव्हती. ते बैठकांना फारसे गेलेही नाहीत. त्यांच्या जाग्यावर दुसऱ्या भारतीयाला नेमायला सरकारने बरीच वर्षं घेतली.

1919 मध्ये गोऱ्यांना मताधिकार मिळाला आणि त्यांचे 11 प्रतिनिधी निवडून द्यायचं ठरलं. भारतीयांच्या पदरात नेमणुकीच्या दोन जागा.

पूर्व आफ्रिका हिंदुस्थानला जोडून टाका, असं ते खरंच म्हणाले होते?

हो. 1910 साली ते लंडनला गेले होते. तिथल्या ‘डेली क्रॉनिकल’ या पत्राला दिलेल्या मुलाखतीत त्यांनी हा प्रदेश हिंदुस्थानच्या साम्राज्याला जोडावा, प्रांतिक सरकार हिंदुस्थानच्या कायद्याखाली चालवावं, म्हणजे थोड्याच वर्षांत तो दुसरा हिंदुस्थान होईल, अशा अर्थाचं विधान केलं.

नैरोबीतले गोरे खवळले आणि पुढची वीस वर्षं हे वाक्य भारतीयांच्या विरोधात वापरलं गेलं. ‘बघा, यांना आफ्रिका गिळायची आहे.’ राजकीय चाल म्हणून ती चुकीची होती यात शंका नाही. पण ते वाक्य आजच्या माणसाला खटकतं ते वेगळ्या कारणाने. त्यात आफ्रिकन माणूस कुठेच नाही. गोरे म्हणत हा देश आमचा, जीवनजी म्हणत आमचाही. किकुयू, मसाई, लुओ, कांबा यांना कुणी विचारलं नव्हतं.

त्यांची बाजू घेऊन एवढंच म्हणता येईल की मागणी समान हक्कांची होती आणि कायद्याने एका रंगाला राखीव जमीन देण्याला त्यांचा विरोध तत्त्वाचा होता. पण वसाहत नसावी, असं त्यांनी म्हटलं नाही. साम्राज्य राहावं आणि त्यात आपल्याला बरोबरीची पंगत मिळावी, हा त्यांचा हट्ट. अशी भूमिका त्या काळात आपल्याकडच्या मवाळांचीही होती, तेव्हा एकट्या जीवनजींना पिंजऱ्यात उभं करण्यात अर्थ नाही.

त्यांची काँग्रेस म्हणजे आपली राष्ट्रीय काँग्रेसच का?

नाही. ईस्ट आफ्रिकन इंडियन नॅशनल काँग्रेस ही वेगळी संस्था. मार्च 1914 मध्ये ती मोंबासात स्थापन झाली आणि तिच्या उभारणीत जीवनजी अग्रभागी होते. नमुना मात्र आपल्या काँग्रेसचाच: वार्षिक अधिवेशन, अध्यक्ष, ठराव. काही महिन्यांत महायुद्ध पेटलं आणि ठराव फायलीत राहिले.

मुंबई-पुण्याशी त्यांचा काही संबंध आला का?

चांगलाच. पूर्व आफ्रिकेतल्या भारतीयांच्या गाऱ्हाण्यांची पत्रिका त्यांनी 1912 साली छापली ती मुंबईत. मोंबासाच्या प्रश्नाला हिंदुस्थानात आवाज मिळाला तर लंडनवर दाब येईल, हा त्यामागचा हिशेब.

पुण्याचा धागा थोडा पुढचा. गोखल्यांनी 1905 मध्ये पुण्यात स्थापन केलेल्या भारत सेवक समाजाने परदेशातल्या भारतीयांचा प्रश्न सातत्याने लावून धरला. 1923 साली केनियाचा वाद लंडनला गेला तेव्हा हिंदुस्थानातून आलेल्या शिष्टमंडळाचं नेतृत्व समाजाचे अध्यक्ष श्रीनिवास शास्त्री यांच्याकडे होतं. सोबत मुंबईचे जमनादास द्वारकादास आणि पुण्याचे बी. एस. कामत. केनियातून आलेल्या भारतीयांत जीवनजी होते, मणिलाल अंबालाल देसाई होते. देसाई त्यांच्यापेक्षा कितीतरी तरुण, तापट, आणि पत्रकार. पुढाऱ्यांची पिढी बदलत होती ते या दोघांना शेजारी ठेवलं की कळतं.

1923 मध्ये काय निकाल लागला?

त्याआधी वातावरण काय होतं ते बघा. 1921च्या शिरगणतीत केनियात गोरे दहा हजारांच्या आत, भारतीय त्यांच्या दुपटीहून अधिक आणि आफ्रिकन पंचवीस लाखांच्या घरात. भारतीयांची मागणी सामायिक मतदार यादीची, म्हणजे सगळ्या वंशांच्या मतदारांची एकच यादी. ती मान्य झाली तर आपलं राज्य गेलं, या धास्तीने गोऱ्या वसाहतवाल्यांनी बंडाची तयारी चालवली. गव्हर्नरला पळवून न्यायचं, रेल्वे आणि तारखातं ताब्यात घ्यायचं, असा बेत शिजला होता. इंग्रजांनी इंग्रजांविरुद्ध रचलेला.

बंड झालं नाही. जुलै 1923 मध्ये वसाहतमंत्री ड्यूक ऑफ डेव्हनशायर यांनी श्वेतपत्रिका काढली. सामायिक यादी नामंजूर. भारतीयांना स्वतंत्र यादीवर पाच जागा, गोऱ्यांच्या 11 कायम. हायलँड्स गोऱ्यांचेच. शहरांत वंशनिहाय वस्त्यांची योजना तेवढी रद्द झाली. आणि वर एक वाक्य: केनिया हा आफ्रिकनांचा प्रदेश आहे आणि त्यांचं हित सर्वोपरी मानलं पाहिजे. भारतीयांना नकार द्यायला हे तत्त्व सोयीचं होतं. प्रत्यक्षात कायदेमंडळात पहिला आफ्रिकन सभासद, इलियुड मथू, यायला 1944 उजाडलं. पण वाक्य छापलं गेलं होतं आणि पुढे आफ्रिकन पुढाऱ्यांनी ते सरकारच्याच तोंडावर पुन्हा पुन्हा फेकलं.

भारतीयांनी स्वतंत्र यादीवर बहिष्कार टाकला, पट्टी भरायचं नाकारलं. ईस्ट आफ्रिकन इंडियन नॅशनल काँग्रेसच्या जानेवारी 1924च्या मोंबासा अधिवेशनाच्या अध्यक्ष म्हणून सरोजिनी नायडू आल्या.

गांधीजींशी तुलना करता येईल का?

करू नये. दक्षिण आफ्रिकेत एक बॅरिस्टर गिरमिटियांसोबत तुरुंगात गेला. पूर्व आफ्रिकेत मजुरांचा कंत्राटदार मंत्र्यांना निवेदनं देत होता. शिवाय जीवनजींकडे गमावण्यासारखी इस्टेट होती.

मग ती इस्टेट शेवटी कुठे गेली?

बरीचशी हातची गेली. आगबोटींचा धंदा, जमिनीत अडकलेला पैसा, महायुद्धानंतरची मंदी आणि वर राजकारणाचा, परदेशवाऱ्यांचा खर्च. ऐंशीच्या घरात ते वारले तेव्हा पूर्वीचं वैभव उरलं नव्हतं.

जीवनजी गार्डन्स ती हीच का?

हीच. नैरोबीच्या ऐन मध्यात, मोई अव्हेन्यू आणि मुइंडी म्बिंगू स्ट्रीटच्या मधली सुमारे पाच एकरांची बाग. जीवनजींनी ती शहराला दिली आणि तिच्यात स्वतःच्या खर्चाने व्हिक्टोरिया राणीचा पुतळा बसवला. 1906 मध्ये त्याचं अनावरण ड्यूक ऑफ कॅनॉट यांनी केलं. हे गृहस्थ पूर्वी मुंबई लष्कराचे सरसेनापती होते. एका बिगर-गोऱ्या व्यापाऱ्याने गोऱ्यांच्या शहराला बाग द्यायची आणि त्यात त्यांचीच राणी उभी करायची: यात निष्ठा किती आणि ‘आम्हीही इथले धनी आहोत’ हे ठासून सांगणं किती? माझं मत दुसऱ्याकडे झुकतं.

1991 मध्ये ही बाग खणून तिथे बहुमजली वाहनतळ आणि दुकानं काढायचं घाटत होतं. त्याविरुद्ध उभ्या राहिल्या जीवनजींच्या नात झरीना पटेल. ते दिवस राष्ट्राध्यक्ष डॅनियल अराप मोईंच्या एकपक्षीय राजवटीचे, सरकारविरुद्ध पत्रक वाटणंही धोक्याचं. पर्यावरण कार्यकर्त्या वंगारी मथाई यांनी दोनच वर्षांपूर्वी नैरोबीतलंच उहुरू पार्क असंच वाचवलं होतं, त्यांनी साथ दिली आणि योजना बारगळली. आजोबांचं चरित्रही झरीनाबाईंनीच लिहिलं, 1997 साली. जीवनजींबद्दल आज जे माहीत आहे त्यातला मोठा वाटा त्या कामाचा. नातीने लिहिलंय, तेव्हा आजोबांना झुकतं माप असणारच, हे धरून वाचावं.

राणीच्या पुतळ्याचं डोकं 2015 मध्ये कुणीतरी उडवलं. बाग जिवंत आहे. दुपारच्या सुट्टीत कचेऱ्यांतली माणसं बाकांवर डबे खातात, एका कोपऱ्यात धर्मोपदेशक घसा फोडून प्रवचन देतो आणि दुसरीकडे ‘बुंगे ला म्वानांची’ भरते, म्हणजे सामान्यांची संसद. महागाई, भ्रष्टाचार, जमिनी, पोलीस या विषयांवर कुणीही यावं आणि बोलावं. इथल्या सभासदांना नेमणूक लागत नाही.

त्यांच्यानंतर केनियाच्या राजकारणात भारतीय वंशाचे लोक होते का?

होते, आणि त्यातल्या काहींची भूमिका जीवनजींपेक्षा अगदी वेगळी होती. पंजाबातून आलेले कामगार पुढारी माखन सिंग यांनी 1950 मध्ये उघडपणे पूर्व आफ्रिकेच्या स्वातंत्र्याची मागणी केली आणि 1961 पर्यंत स्थानबद्धता भोगली. नैरोबीत जन्मलेले गोवेकर पिओ गामा पिंटो यांनी ब्रिटिशांविरुद्धच्या सशस्त्र माऊ माऊ लढ्याला मदत केली, गोव्याच्या मुक्तीसाठीही काम केलं. स्वतंत्र केनियात खासदार झालेल्या पिंटोंना 24 फेब्रुवारी 1965 रोजी घराच्या फाटकापाशी गोळ्या घालण्यात आल्या. जुलै 2017 मध्ये केनिया सरकारने आशियाई वंशाच्या नागरिकांना देशाची 44वी जमात म्हणून अधिकृत मान्यता दिली.